कायद्याआधी आठ वर्षं

२००४ साली चेन्नईतल्या एखाद्या आईने पोलीस ठाण्यात जाऊन सांगितलं असतं, की ट्यूशनच्या सरांनी माझ्या दहा वर्षांच्या मुलाशी नको ते चाळे केले, तर ठाण्यातल्या अंमलदाराला कलम शोधायला बराच वेळ लागला असता. मुलगी असती तर विनयभंगाचं ३५४ होतं. जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा, तीही जामीनपात्र. बलात्काराचं ३७६ स्त्रीपुरतं, आणि त्यातही एकाच प्रकारच्या कृत्यापुरतं. मुलासाठी उरायचं ते इंग्रजांनी १८६० मध्ये लिहून ठेवलेलं ३७७. प्रकार तिथवर गेला नसेल तर तेही लागू होत नसे. आईला समजावून घरी पाठवणं हाच बहुतेक ठिकाणी रिवाज होता. मुलगा लहान आहे, विसरून जाईल, असं म्हणायचं आणि वही मिटायची.

त्याच २००४ मध्ये चेन्नईत ‘तुळिर’ ही संस्था उभी राहिली. तमिळमध्ये तुळिर म्हणजे कोवळी पालवी. पूर्ण नाव मात्र मुळीच कोवळं नाही: बाल लैंगिक अत्याचारांचा प्रतिबंध आणि त्यातून सावरण्यासाठीचं केंद्र. विद्या रेड्डी यांनी सहकाऱ्यांबरोबर सुरू केलेल्या या संस्थेने पाटीवरच विषय लिहिला. आज त्याचं काही वाटणार नाही. त्या काळात ‘बालकल्याण’, ‘बालविकास’ अशा गोल शब्दांच्या आडोशाने हे काम चालायचं, कारण पाटीवरचा विषय वाचून शाळा दार उघडत नसत. आमच्याकडे असलं काही होत नाही, हे मुख्याध्यापकांचं ठरलेलं उत्तर. होत नाही हे तुम्हाला कसं ठाऊक, असा प्रश्न विचारायचा तर हातात काहीतरी हवं. म्हणून पहिल्या दोन वर्षांतच संस्थेने मोजणीचं काम हाती घेतलं.

‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या साथीने झालेला तो अभ्यास २००६ मध्ये पुढे आला. चेन्नईतल्या शाळांत जाणाऱ्या २,२११ मुलामुलींशी त्यासाठी संवाद साधला होता. ४२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. गरीब वस्तीपेक्षा सुखवस्तू घरांत हे प्रमाण जास्त आढळलं. आणि सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा आकडा असा, की मुलींमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं आणि मुलग्यांमध्ये ४८. गंभीर स्वरूपाचा अत्याचार सोसलेली मुलं १५ टक्के, मुलगे आणि मुली सारखेच.

या ४८ टक्क्यांपाशी थोडं थांबायला हवं. ज्या मुलग्यांना देशाच्या दंडसंहितेत धड एक कलमही नव्हतं, त्यांचंच प्रमाण जास्त निघालं. घरोघरी मुलीला जपायचं शिक्षण होतं. ते बरेचदा जाचकच, पण निदान कुणाचं तरी लक्ष असायचं. मुलगा मात्र मोकळा. तो क्रिकेटच्या मैदानावर, ट्यूशनला, शाळेच्या व्हॅनमध्ये, आत्याच्या गावी एकटा जाणार, आणि त्याला काही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. त्याच्यावर हात टाकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. एका शहरातल्या शाळकरी मुलांचा हा अभ्यास, तो सगळ्या देशाला लावता येणार नाही, असा आक्षेप कुणी घेतला असता तर तो चुकीचा ठरला नसता. पण पुढच्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा अहवाल आला. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक किंवा अधिक प्रकार सोसल्याचं सांगितलं होतं, आणि त्यांतही मुलग्यांचा वाटा निम्म्याहून जास्त होता. चेन्नईचा आकडा अतिशयोक्त तर नव्हताच, उलट देशाच्या मानाने कमीच होता.

मराठी वाचकाला या विषयाची पहिली ठळक ओळख झाली ती बहुधा गोव्यातून. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. पत्रकार शीला बारसे यांनी ते प्रकरण लावून धरलं नसतं तर ते तिथेच विरलं असतं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००१ मध्ये मुंबईच्या कुलाब्यातल्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांचं प्रकरण बाहेर आलं. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणाऱ्या दोघा ब्रिटिशांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा दोषी ठरवलं. दहा वर्षं. तक्रार करणारी मुलं तोवर मिशी फुटलेली माणसं झाली होती. या दोन्ही प्रकरणांत शोषण झालेले मुलगे होते, आणि दोन्ही खटले ३७७च्या लंगड्या कलमावर रेटावे लागले. गोवा त्यातून काही शिकला. २००३ मध्ये त्याने स्वतःचा बालक कायदा केला, त्यात लैंगिक अत्याचाराची व्याख्या केली आणि मुलांसाठी वेगळं न्यायालय काढलं. बाकीचा देश वाट पाहत राहिला.

‘तुळिर’ जन्मली त्याच वर्षी, २६ मे २००४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘साक्षी’ या दिल्लीच्या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. बलात्काराची व्याख्या रुंदावा ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही, ते काम संसदेचं असं म्हटलं. पण मुलाची साक्ष चालू असताना आरोपी त्याला दिसणार नाही असा पडदा लावा, उलटतपासणीचे प्रश्न वकिलाने न्यायाधीशाकडे लेखी द्यावेत, मुलाला मध्ये पुरेशी विश्रांती द्या, अशा सूचना त्या निकालात होत्या. त्या सूचना कोर्टाकोर्टांतून कितपत पाळल्या गेल्या हा प्रश्न वेगळा. आठ वर्षांनी आलेल्या कायद्यात मात्र त्या जवळपास तशाच उतरल्या.

मधली आठ वर्षं ‘तुळिर’ने काय केलं? कायदा नसताना अशी संस्था काय करू शकते? मुलांना शिकवू शकते, मोठ्यांना शिकवू शकते, आणि जे मूल बोललं त्याच्याबरोबर राहू शकते. ‘तुळिर’ने तिन्ही केलं. शाळांतून ‘व्यक्तिगत सुरक्षितता’ हा विषय, शिक्षक-डॉक्टर-पोलीस-समुपदेशकांची प्रशिक्षणं, अत्याचार सोसलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार. मुंबईत २००६ मध्ये पूजा तापडिया यांनी सुरू केलेल्या ‘अर्पण’नेही शाळांतली हीच वाट धरली, आणि आज महाराष्ट्रातल्या बऱ्याच शिक्षकांना हा विषय माहीत आहे तो तिच्यामुळे.

व्यक्तिगत सुरक्षिततेच्या या तासाला काय चालतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवात रस्ता ओलांडण्यापासून होते. सिग्नल लाल असताना काय करायचं? गॅसजवळ का जायचं नाही? सुरक्षिततेचे नियम मुलांना आवडतात, हात भराभर वर होतात. मग विषय शरीरावर येतो. डोळ्याला डोळा म्हणतात, गुडघ्याला गुडघा. आणि चड्डीच्या आतल्या भागाला? वर्गात खुसखुस सुरू होते. कुणी घरातलं लाडाचं नाव सांगतं, कुणी मान खाली घालतं. इथे शिकवणारी बाई हसत नाही, रागावतही नाही. कोपराचं नाव सांगावं त्याच सुरात त्या अवयवाचं नाव सांगते आणि पुढे जाते. हे त्या सबंध तासातलं सगळ्यात महत्त्वाचं अर्धं मिनिट. ज्या अवयवाचं नाव घेतलं की मोठी माणसं दचकतात, त्याबद्दलची तक्रार मूल त्यांच्याकडे कशाला घेऊन जाईल? पुढे येतो तो नियम: अंग स्वच्छ ठेवण्यासाठी किंवा दुखलं-खुपलं तर, एवढं सोडून तुझ्या या भागांना कुणी हात लावायचा नाही, पाहायचं नाही, आणि स्वतःच्या त्या भागांना हात लावायला किंवा ते पाहायलाही सांगायचं नाही. तसं झालं तर नाही म्हण, तिथून निघ, विश्वासाच्या माणसाला सांग. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. कुणी ऐकेपर्यंत सांगत राहा.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या आता पाठ झालेल्या जोडीपेक्षा हा नियम बरा, असं मला वाटतं. लहान मुलाला स्पर्श वाईट वाटेलच असं नाही. जवळ घेणाऱ्याने चॉकलेट दिलेलं असतं, लाड केलेले असतात. ज्याला ‘वाईट’ वाटलं नाही ते मूल पुढे स्वतःलाच वाईट ठरवतं. नियम मोडला तो मोठ्या माणसाने, इतकं सरळ सांगितलं की मुलावरचं ओझं उतरतं.

आणि मोठा माणूस म्हणजे कोण? पालकसभेत हा प्रश्न आला की नजरा खिडकीबाहेर, अनोळखी माणसाकडे जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी दरवर्षी एकच गोष्ट सांगते: मुलांवरच्या बलात्कारांच्या नोंदींत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, व्हॅनवाला, शिकवणीचे सर, मोठा चुलतभाऊ, क्वचित खुद्द बाप. म्हणूनच चेन्नईच्या संस्थेने मोठ्यांच्या प्रशिक्षणावर इतका जोर दिला. सात वर्षांच्या मुलाने मामाला ‘नाही’ म्हणावं आणि घर सांभाळून घ्यावं, ही अपेक्षा त्या मुलावर अन्यायच करणारी आहे. त्याने सांगितल्यावर समोरच्याने तोंड वेडंवाकडं न करता ऐकणं, हे शिकायचं मोठ्यांनी.

२०१२ चा मे महिना या कहाणीतला सगळ्यात धावता. १० तारखेला राज्यसभेने लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारं विधेयक मंजूर केलं. १३ तारखेच्या रविवारी सकाळी आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’चा दुसरा भाग याच विषयावर दाखवला गेला, घराघरांत आजी, नात आणि बाप एकाच सोफ्यावर बसून तो पाहत होते, ही गोष्ट कुठल्याही परिसंवादापेक्षा मोठी होती. २२ तारखेला लोकसभेची मंजुरी. त्या वर्षीच्या बालदिनी, १४ नोव्हेंबरला, कायदा लागू झाला. आपण त्याला ‘पॉक्सो’ म्हणतो. मुलगा-मुलगी भेद गेला. स्पर्शाचा, बिनस्पर्शाचा, दाखवण्याचा, पाठलागाचा, अश्लील चित्रणासाठी मुलाला वापरण्याचा, सगळ्यांसाठी कलमं झाली. पोलीस, शिक्षक, डॉक्टर, नातलग अशा विश्वासातल्या माणसाने केलेला गुन्हा जास्त गंभीर ठरला. वर सांगितलेल्या त्या आईच्या तक्रारीला आता थेट कलम होतं.

कायदा आल्याने संस्थेचं काम हलकं झालं असेल असं वाटण्याचा संभव आहे. झालं उलटं. तोवर मूल बोललं की त्याच्या कलाने, त्याच्या घराच्या कलाने पुढची पावलं ठरवता येत होती. नव्या कायद्याच्या १९व्या कलमाने सांगितलं, की ज्याला ज्याला गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. २१वं कलम म्हणतं, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. आता समुपदेशकाच्या खुर्चीत बसून पाहा. पंधरा वर्षांची मुलगी समोर आहे. ती म्हणते, मी सांगते पण तुम्ही कुणाला सांगायचं नाही. हे वचन आता देता येत नाही. वचन द्यायचं नाही असं आधीच सांगितलं तर ती गप्प बसण्याची शक्यता मोठी, आणि वचन देऊन मोडलं तर पुढे कुणावरच तिचा विश्वास बसणार नाही. या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांनी पहिल्याच भेटीत मर्यादा सांगून टाकण्याची रीत पाडली: काय गुप्त राहील, काय राहणार नाही, आणि जे बाहेर जाईल ते जाताना मी तुझ्याबरोबर असेन.

तरीही या कलमाच्या बाजूने बोलायला हवं, कारण ते पाळलं नाही की काय होतं हे आपण महाराष्ट्रात पाहिलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, आणि मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर माहिती दडवल्याचा गुन्हा दाखल झाला. नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि न कळवणं हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत अत्याचार झालेल्या चिमुरड्या मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसवलं गेलंच. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले तेव्हा सरकारला जाग आली, आणि शाळेच्या चालकांवर याच २१व्या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला.

तामिळनाडूत तक्रार नोंदवण्याच्या बाबतीत एक सोय जुनी आहे. देशातलं सुरुवातीचं, सबंध महिला पोलिसांचं ठाणं १९९२ मध्ये, जयललितांच्या काळात, चेन्नईच्या थाउजंड लाइट्स भागात उघडलं, आणि नंतर राज्यभर तशी ठाणी झाली. मुलांच्या तक्रारी बहुतेक तिथेच जातात. महिला पोलीस म्हणजे आपोआप हळुवार असं मानायचं कारण नाही. नवरा-बायकोच्या भांडणांची वर्दळ, अपुरी माणसं आणि ‘आपसात मिटवा’चा सोस तिथेही असतो. कायदा म्हणतो जबाब साध्या कपड्यांत घ्या, मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्या, रात्री ठाण्यात ठेवू नका. हे वाचून कुणी पाळत नाही, शिकवावं लागतं. ‘तुळिर’सारख्या संस्थांचा बराच वेळ या न दिसणाऱ्या शिकवणीत गेला आहे, आणि बदल्यांमुळे ती शिकवणी कधी संपत नाही.

कोर्टाची गोष्ट त्याहून अवघड. जुलै २०१८ मध्ये चेन्नईच्या अयनावरम भागातल्या एका निवासी संकुलात अकरा वर्षांच्या मुलीवर कित्येक महिने अत्याचार होत असल्याचं उघड झालं. १७ जणांना अटक झाली: लिफ्टमन, सुरक्षारक्षक, नळदुरुस्ती करणारे, म्हणजे ज्यांच्या भरवशावर आई-बाप लेकरू इमारतीच्या आवारात सोडतात ती माणसं. आरोपींना उच्च न्यायालयाच्या आवारातल्या महिला न्यायालयात आणलं तेव्हा वकिलांनीच त्यांना चोप दिला, आणि कुणी त्यांचं वकीलपत्र घेणार नाही असं जाहीर करून टाकलं. त्या दिवशी शहराला ते बरं वाटलं. पण बचावाचा वकील नसलेला खटला वरच्या कोर्टात टिकत नाही, आणि तो टिकला नाही तर सगळं पुन्हा सुरू होतं, मुलीची साक्षसुद्धा. त्या मारहाणीत मुलीच्या हिताचं काहीही नव्हतं. खटला रीतसर चालला म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये विशेष न्यायालय निकाल देऊ शकलं. १५ जण दोषी ठरले, त्यातल्या पाच जणांना जन्मठेप झाली. एकाचा खटल्यादरम्यान मृत्यू झाला होता आणि एकाची सुटका झाली. इतक्या आरोपींना दोषी ठरवणारा हा निकाल अपवाद म्हणावा असाच.

कारण सरासरी चित्र असं नाही. ‘विधी सेंटर’ या कायद्याच्या अभ्यासकांच्या संस्थेने २०२२ मध्ये ४८६ जिल्ह्यांतल्या २,३०,७३० खटल्यांचा अभ्यास केला. निकालाला सरासरी ५०९ दिवस लागत होते. कायद्याचं ३५वं कलम म्हणतं, मुलाची साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात. आणि एक शिक्षा होत होती तेव्हा तीन खटल्यांत आरोपी सुटत होते.

सुटण्याची कारणं बाहेरून वाटतात तितकी गूढ नाहीत. साक्षीच्या पिंजऱ्यात, किंवा पडद्याआडच्या खुर्चीत म्हणा, नऊ वर्षांचं मूल बसलं आहे. घटना कधीची, असा प्रश्न आहे. मूल सांगतं, पोंगलच्या सुट्टीआधी. ठाण्यातल्या जबाबात जानेवारी, दंडाधिकाऱ्यापुढच्या जबाबात डिसेंबर. मूल पंचांगाने जगत नाही, ते सुट्ट्यांनी आणि वाढदिवसांनी जगतं, हे न्यायाधीशाला ठाऊक असेल तर विसंगती उरत नाही. ठाऊक नसेल तर तेवढ्यावर संशयाचा फायदा जातो. त्यात भर घरातल्या दबावाची. आरोपी काका असेल तर आजी रडते, जमिनीची वाटणी अडते, आईला माहेरी पाठवण्याची भाषा होते. वर्षभराने तारीख लागते तेव्हा मूल म्हणतं, मला आठवत नाही. यालाच कोर्टाच्या भाषेत फितूर होणं म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाला हा शब्द लावताना जीभ अडखळायला हवी. २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती करून सर्वांत गंभीर गुन्ह्याला फाशीची तरतूद केली. तेव्हा मुलांबरोबर काम करणाऱ्या अनेक संस्थांनी विरोध केला तो याच अनुभवातून: काकाला फाशी होईल म्हटल्यावर आजी आणखी जोरात रडणार.

मद्रास उच्च न्यायालयाने या कायद्याच्या वाटचालीत काही वेगळी पानं लिहिली. कायद्याने संमतीचं वय सोळावरून अठरा केलं आणि सतरा वर्षांची मुलगी व एकोणीस वर्षांचा मुलगा पळून गेले, की मुलीचा बाप पॉक्सोखाली तक्रार करू लागला. जात वेगळी असेल तर हमखास. न्या. व्ही. पार्थिबन यांनी एप्रिल २०१९ मध्ये, सोळा वर्षांनंतरच्या परस्परसंमतीच्या संबंधांचा संसदेने वेगळा विचार करावा असं सुचवलं. न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी जानेवारी २०२१ मध्ये असा एक खटला रद्द करताना, किशोरवयीन प्रेमाला गुन्हा ठरवण्यासाठी हा कायदा केलेला नाही असा सूर लावला. डिसेंबर २०२२ मध्ये तामिळनाडूच्या पोलीस महासंचालकांनी अशा प्रकरणांत अटकेची घाई करू नका असं परिपत्रक काढलं. मला हे शहाणपणाचं वाटतं. आंतरजातीय प्रेमाची प्रकरणं मोडायला पॉक्सो वापरला गेला, की ज्या मुलासाठी तो आणला त्याचा खटला रांगेत मागे जातो. त्याच न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०२२ मध्ये, मुलींच्या वैद्यकीय तपासणीतली दोन बोटांची चाचणी तत्काळ बंद करा, असा आदेश राज्याला दिला. नागपूर खंडपीठाचा ‘त्वचेला त्वचा’ लागल्याशिवाय गुन्हा नाही हा निकाल आठवला, की प्रगतीची दिशा सगळीकडे एकच नसते हेही ध्यानात येतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाला १८ नोव्हेंबर २०२१ रोजी खोडावा लागला.

न्या. आनंद वेंकटेश यांचाच दुसरा एक निकाल मात्र टिकला नाही. अंबत्तूरच्या महिला पोलीस ठाण्याला जानेवारी २०२० मध्ये वरून पत्र आलं. अमेरिकेतलं हरवलेल्या व शोषित मुलांसाठीचं केंद्र इंटरनेट कंपन्यांकडून आलेल्या सूचना भारताला कळवतं; २०१९ च्या करारानुसार त्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे येतात आणि तिथून राज्यांकडे. अशाच एका सूचनेवरून एका तरुणाचा फोन जप्त झाला आणि त्यात मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती सापडल्या. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, खासगीत डाउनलोड करून पाहणं हा गुन्हा नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. न पुसता, न कळवता असं साहित्य जवळ बाळगणं हाच १५व्या कलमाचा भंग, असं सांगून न्यायालयाने ‘चाइल्ड पॉर्नोग्राफी’ ही संज्ञाच वापरातून काढून टाका म्हटलं. अशा चित्रफितीत दिसतो तो प्रत्यक्ष घडलेला अत्याचार. मुंबईत ‘प्रेरणा’शी जोडलेल्या ‘आरंभ इंडिया’ने २०१६ मध्ये असं साहित्य कळवण्याचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हापासून हीच गोष्ट सांगितली जात होती. त्याच २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी बदलापूरचा आरोपी मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गोळीने मेला, आणि दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रांत कुठल्या बातमीने पान अडवलं हे सांगायला नको.

चेन्नईत मे २०२१ मध्ये एका नामवंत शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी समाजमाध्यमांवर एका शिक्षकाबद्दल लिहायला सुरुवात केली. टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गातल्या वागण्यापासून गोष्ट निघाली आणि मग मागच्या कित्येक वर्षांच्या आठवणी बाहेर आल्या. शिक्षकाला अटक झाली; राज्य सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी नियम काढले. ‘तुळिर’ला सुरुवात करून तोवर सतरा वर्षं झाली होती. सांगणाऱ्या मुली शाळेत असताना कुणापाशी बोलल्या नव्हत्या किंवा बोलूनही कुणी मनावर घेतलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी त्यांनी एकमेकींचं वाचून धीर केला. याकडे निराशेने पाहता येईल. मला त्यात हेही दिसतं, की २००४ मधल्या मुलींपाशी घडलं ते सांगण्याची भाषाच नव्हती.

सध्या या कामाचा भार पडतो तो ‘सपोर्ट पर्सन’वर. जिल्ह्याची बालकल्याण समिती मुलासाठी हे माणूस नेमते. २०२०च्या नियमांनी त्याचं काम नीट बांधून दिलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पुरेसे सपोर्ट पर्सन नेमा, त्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्या असं सांगितलं. कागदावर हे एक पद आहे. प्रत्यक्षात ते माणूस मुलाला रिकामं कोर्ट आधी दाखवून आणतं, न्यायाधीश कुठे बसतात, तू कुठे बसशील, पाणी कुणाकडे मागायचं हे सांगतं. तारीख पडली की पोलिसांना फोन करतं, शाळेत उपस्थिती बुडाल्याचं पत्र देतं आणि आरोपी जामिनावर सुटला तर ते घरच्यांना सगळ्यात आधी कळवतं.

आणि पैशांमागे धावतं. त्याच २०२०च्या नियमांत एक छोटी तरतूद आहे: अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समितीने शिफारस केली, की आठवड्याच्या आत मुलाच्या हाती रक्कम पडली पाहिजे. नुकसानभरपाईचा मोठा आकडा निकालाबरोबर वर्तमानपत्रात छापून येतो, ही रक्कम कुठेच छापून येत नाही. पण बांधकामावर रोजंदारी करणारी आई रेडहिल्सकडून पॅरीज कॉर्नरच्या कोर्टात दोन बस बदलून येते, दिवसाची मजुरी बुडवते, आणि न्यायाधीश रजेवर आहेत असं दुपारी कळल्यावर पुढची तारीख घेऊन परत जाते. चौथ्या तारखेला ती येईल की नाही, हे बऱ्याच वेळा या बसभाड्यावर ठरतं. शिफारशीचा अर्ज, आधार कार्डाची प्रत, बँकेचं खातं कुणाच्या नावावर, यासाठी समितीच्या कचेरीत चकरा मारणं हा या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांच्या दिवसाचा मोठा भाग असतो.